बांगड्यांचा आहेर परत घ्या

(वडनेर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा इथं युवक मेळाव्यात केलेलं भाषण. जसं बोललो तसंच लिहून दिलं आहे.)

दोस्तहो, मायबहिणींनो, आणि तिसऱ्या रांगेत खांबाला टेकून बसलेले माझे बाबा,

जय भीम.

मला भाषण येत नाही. मी मुंबईच्या गोदीत माल उचलतो. शिक्षण दहावी पास. कविता लिहितो, त्या तुमच्यातल्या पाच-सात जणांनी वाचल्या असतील, बाकीच्यांनी वाचल्या म्हणून सांगितलं असेल. मेळावावाल्यांनी मला विषय दिला होता, 'विद्रोही कविता आणि आजचा तरुण'. तो विषय मी घेत नाही. विद्रोही कवितेवर बोलायला प्राध्यापक पुष्कळ आहेत. मी आज एका शिवीवर बोलणार आहे. ती शिवी मी स्वतः लिहिली होती. तिथूनच सुरुवात करतो.

काही महिन्यांमागं मुंबईत आमचा मोर्चा होता. ठेक्यावरच्या कामगारांची मजुरी थकली होती. साहेब भेटायला तयार नाही. कुणीतरी म्हणालं, बांगड्या द्या साल्याला! झालं. कुणी हिरव्या बांगड्या आणल्या, कुणी लुगडं-खण आणला, कुणी कुंकवाचा करंडा. ताट सजलं. ही रीत तुम्हाला माहीत आहे. महाराष्ट्रात सगळ्या पक्षांची ही लाडकी रीत आहे. साहेब काम करत नाही, भरा त्याला बांगड्या. मंत्री घाबरला, भरा त्याला बांगड्या. आमचाही आहेर निघाला. घोषणा कोण लिहिणार? कवी कोण आहे गँगमध्ये? मी! मी यमक जुळवलं. त्या यमकात 'हिजडा' हा शब्द होता. ती घोषणा मी इथं परत म्हणणार नाही. पण दोनशे माणसांनी ती म्हटली. माझ्या कवितेला एवढा आवाज आयुष्यात कधी मिळाला नव्हता. छाती फुगली होती माझी.

फुटपाथवर दोघी उभ्या होत्या. तृतीयपंथी. सिग्नलला टाळी वाजवून मागून खाणाऱ्या. त्यातली एक सरळ मोर्चात शिरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. गळ्यात निळा दोरा, दोऱ्यात बाबासाहेबांचा बिल्ला. म्हणाली, "जय भीम, भाऊ. मजुरी त्यानं खाल्ली नं? मंग शिवी आमाले काऊन?"

बोली आपली होती. इकडचीच. मी विचारलं, बाई, गाव कोणतं? ती म्हणाली, "गाव नाई इचारायचं." आणि निघून गेली.

मोर्चा पुढं गेला. मी तिथंच उभा राहिलो. कारण दोस्तहो, तो शब्द मी काही डिक्शनरीतून काढला नव्हता. तिसरीत असल्यापासून तो माझ्या अंगावर फेकला गेला आहे. ह्याच गावात, ह्याच वस्तीत, नळावर, शाळेच्या मागच्या भिंतीशी. माझी चाल, माझे हात, माझं हसणं, सगळ्यावर तो शब्द चिकटला होता. आणि मी काय केलं? तो अंगावरून सोलून काढला, त्याला यमक लावलं आणि दुसऱ्यावर फेकला. ज्याला मार बसतो तो मारायला शिकतो. जातीबद्दल बाबासाहेबांनी आपल्याला हेच शिकवलं आहे ना? की जात म्हणजे एक जिना आहे, वरचा खालच्याला लाथ मारतो आणि खालचा आणखी खालचा शोधतो. मला तो शोधायला सिग्नलपर्यंत जावं लागलं.

आता सरळ सांगतो. आडवळणानं सांगण्यात अर्थ नाही, आणि गोदीत आडवळण चालत नाही, वरून स्लिंग येते आणि डोकं फुटतं. माझं मन पुरुषावर बसतं. लहानपणापासून तसंच आहे. कुणी बिघडवलं नाही, मुंबईची हवा लागली नाही, सिनेमा पाहून झालं नाही. दारूखान्याच्या खोलीत आम्ही सहा जण राहायचो, त्यातल्या एकाशी माझं होतं. दोन वर्षं. मग त्याच्या घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं. लग्नाला मी गेलो, वरातीत नाचलोसुद्धा. ह्यापेक्षा जास्त मी त्याच्याबद्दल बोलणार नाही. तो त्याचा संसार करतो आहे, आणि त्या संसारातल्या बाईची काही चूक नाही.

बाबा, उठून जाऊ नका. तुमच्या वाट्याचं अजून यायचं आहे.

माझे मोठेबाबा तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवत असतील. खडी गंमतीत नाच्या होते. तरुण पोरांना खडी गंमत माहीत नसेल म्हणून सांगतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, इकडं आपल्यापर्यंत, विदर्भाचा हा तमाशा. उभ्यानं चालतो म्हणून खडी. शाहीर डफ घेऊन उभा, मागं तुणतुणं, झांज, ढोलकीसारखं चोनकं. आणि बाईचं काम पुरुषच करणार, तो नाच्या. पोळा झाला, दिवाळी झाली, भाऊबीजेनंतर तिकडं मंडया भरायला लागल्या, की मोठेबाबा ट्रंक उचलून निघायचे. ट्रंकेत चार लुगडी, चोळ्या, गंगावन, काजळाची डबी आणि पायातले चाळ. माय सांगते, मोठेबाबा लुगडं नेसायला बसले की वस्तीतल्या बाया बघायला यायच्या, कारण एवढा चापूनचोपून कासोटा कुणाला जमत नव्हता.

रात्रभर नाच. ज्या गावात दिवसा आमच्या माणसाला विहिरीला हात लावू देत नव्हते, त्या गावात रात्री मोठेबाबांचा हात धरायला धोतरवाले पुढं यायचे. रात्री नोट देताना बोट लागलेलं चालायचं. सकाळी पाण्याला बोट लागलेलं चालायचं नाही. ही आपली लोककला! कलेवर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी ह्या दोन बोटांचा हिशेब कधी लिहिला नाही.

म्हणून आपल्या चळवळीनं हे नाच-तमाशे टाकले, ते बरोबरच केलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला माझी आजी गेली होती, आईच्या बोटाला धरून. परत आल्यावर वस्तीनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं, येसकरकी सोडली, दारोदार वाजवणं सोडलं. भीमराव कर्डकांनी तर त्याच्या आधीच तमाशाचा साचा घेतला, त्यातला शृंगार काढला, विचार घातला आणि आंबेडकरी जलसा उभा केला. पुढं वामनदादांनी गावोगाव गाणं नेलं. त्या गाण्यावर मी वाढलो. मला त्यात खोट काढायची नाही.

पण एक हिशेब राहिला. आपण नाच सोडला, आणि त्याच्याबरोबर नाच्यालाही सोडून दिलं. लुगडं नेसणं हे ज्याच्या पोटाचं काम होतं त्याला दुसरं काम देता आलं असतं. पण लुगडं नेसणं हेच ज्याचं मन होतं, त्याला आपण कुठं जागा दिली? त्या जुन्या, सडक्या, अपमानाच्या खेळात रात्रीचे चार तास का होईना, त्याला स्वतःसारखं राहता येत होतं. नव्या घरात त्याच्यासाठी खोलीच काढली नाही.

१९९१ साल. बाबासाहेबांची जन्मशताब्दी. वस्तीतल्या तरुण पोरांनी ठरवलं, आता ही लाजिरवाणी गोष्ट बंद. रागात होती पोरं, आणि राग खोटा नव्हता. मोठेबाबांची ट्रंक चौकात आणली. चार लुगडी, चोळ्या, गंगावन, सगळं पेटवलं. मोठेबाबा ओट्यावर बसून बघत होते. काडी लावणाऱ्यांत त्यांचा धाकटा भाऊ होता. तेवीस वर्षांचा. तो तिसऱ्या रांगेत बसला आहे.

बाबा, मी तुम्हाला इथं उभं करून झोडपत नाही. तुमच्या वयाचा असतो तर मीही काडी लावली असती. मी तर यमक लावलं.

त्याच्यानंतर मोठेबाबांनी केस कापले. हायवेवर, हैद्राबादकडं जाणाऱ्या ट्रकांच्या रस्त्यावर, पंक्चरचं दुकान टाकलं. मोठीमाय कधीच माहेरी निघून गेली होती, आणि तिनं गेली तेच बरं केलं. तिचंही आयुष्य एका खोट्या लग्नात आपल्याच माणसांनी कोंबलं होतं. मोठेबाबा ट्यूब पाण्यात बुडवायचे, बुडबुडा कुठून येतो ते बघायचे. कुणाशी बोलायचे नाहीत.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. १८६० पासून दंडविधानात ३७७ नंबरचं कलम होतं. इंग्रजानं लिहिलेलं. दोन पुरुष आपल्या मर्जीनं एकत्र आले तरी जन्मठेपेपर्यंत शिक्षा. २००९ ला दिल्ली हायकोर्टानं ते मोडलं, २०१३ ला सुप्रीम कोर्टानं परत जोडलं, आणि २०१८ ला पाच न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या संमतीला हे कलम लागू नाही. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. हिंगणघाटला जिनिंगमध्ये रोजीनं जायचो. दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन दुकानावर गेलो आणि मोठेबाबांना सगळी बातमी वाचून दाखवली. वाचताना माझा आवाज कापत होता. ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना माझं कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मलाही कळलं. पण त्यावर बोललो नाही. त्यांनी फक्त विचारलं, "मंग माये लुगडे वापस देतीन का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर सुप्रीम कोर्टाकडं नाही. ते ह्या समाजमंदिरात बसलेल्या माणसांकडं आहे.

आता तुमच्यातले शिकलेले मित्र म्हणतील ते मला माहीत आहे. मुंबईतले मित्र तर म्हणूनच चुकले आहेत. पहिलं म्हणणं असं की, हे सगळं श्रीमंतांचं, इंग्रजी बोलणाऱ्यांचं खूळ आहे. मी म्हणतो, आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत पुरुष नाही, बाई नाही, 'इतर' असं ज्यांनी लिहिलं ते देशात ४,८७,८०३. त्यात अनुसूचित जातीचे ७८,८११. आपल्या महाराष्ट्रात एकूण ४०,८९१. आणि ही फक्त तेवढीच माणसं, ज्यांनी दारात आलेल्या मास्तरासमोर खरं सांगायची हिंमत केली. माझ्यासारख्याला तर त्या कागदावर रकानाच नाही. हे पाऊण लाखावर लोक काय जुहूच्या बंगल्यात राहतात? ते आपल्याच वस्तीतून हाकललेले आहेत. गाव विचारलं तर सांगत नाहीत.

हां, एक खरं. मुंबईत अशा लोकांच्या बैठकीला मी एकदा गेलो. चांगला हॉल, थंडगार. आधी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग कुठं राहतोस विचारलं. दारूखाना म्हटल्यावर संभाषण संपलं. इकडं मी बायल्या म्हणून खालचा, तिकडं मी महार म्हणून खालचा. म्हणून तर मी म्हणतो, ही लढाई त्यांच्यावर सोडू नका. दिशा पिंकी शेखसारखी कवयित्री, स्वतः तृतीयपंथी, २०१९ साली वंचित बहुजन आघाडीची प्रवक्ता होऊन माईकसमोर उभी राहिली, ती कुणाच्या थंड हॉलमधून आली नव्हती.

दुसरं म्हणणं, आधी जातीचा प्रश्न, मग हे. मित्रांनो, मनुस्मृती आपण २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली. त्याच मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषानं पुरुषाशी संग करणं हे जातीतून पाडणारं पाप म्हणून मोजलं आहे. आठव्या अध्यायात बाईनं कुमारिकेशी तसं केलं तर डोकं भादरा, बोटं छाटा, गाढवावरून धिंड काढा, असं आहे. म्हणजे जात राखायची तर शरीर राखलं पाहिजे, कुणी कुणाशी निजायचं ते ठरवलं पाहिजे, हे मनूला पक्कं माहीत होतं. आपल्याला माहीत नाही! पुस्तक जाळलं, पण हे पान न जळता आपल्याच घरात राहिलं. आणि इंग्रज काय वेगळा होता? १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानं एका भागात अख्ख्या जमाती जन्मानं चोर ठरवल्या, आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंद ठेवायला सांगितली. बाईचे कपडे घालून रस्त्यावर दिसला किंवा पैसे घेऊन नाचला तर विना वॉरंट अटक. उत्तरेतल्या मुलखात तो आधी लागू झाला. विमुक्तांचा प्रश्न आपला म्हणतो ना? मग त्याच कायद्याचं दुसरं पान पण आपलंच आहे.

तिसरं म्हणणं, बाबासाहेब ह्यावर काय बोलले? ऐका. रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवायचे. लोक पत्रानं लैंगिक प्रश्न विचारायचे, हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल, आणि कर्वे शास्त्र सांगून उत्तरं द्यायचे. अश्लील म्हणून खटला झाला. १९३४ साली मुंबई हायकोर्टात कर्व्यांच्या बाजूनं वकील म्हणून कोण उभं राहिलं? बॅरिस्टर आंबेडकर. महाड झालं होतं, काळाराम झालं होतं, गोलमेज झाली होती, पुणे करार झाला होता. कामाचा डोंगर होता. 'आधी हे, मग ते' असं त्यांनाही म्हणता आलं असतं. ते उभे राहिले. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण ते उभे राहिले.

आणि दुसरं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेब संविधानिक नैतिकतेवर बोलले. ती माणसात आपोआप उगवत नाही, ती रुजवावी लागते, असा त्यांचा मुद्दा. साठ-सत्तर वर्षांनी ह्याच मुद्द्याचा आधार घेऊन, आधी २००९ ला आणि मग २०१८ ला, कोर्टानं सांगितलं की बहुसंख्य लोकांना किळस वाटते म्हणून कुणाचा हक्क काढून घेता येत नाही. म्हणजे माझ्या पायातली बेडी बाबासाहेबांच्या शब्दानं तुटली आहे. आणि त्यांचाच फोटो लावून मला बायल्या म्हणणार? नाही चालणार!

सिनेमाबद्दल एक शब्द. 'नटरंग' तुम्ही सगळ्यांनी पाहिला, २०१० चा, आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. अतुल कुलकर्णीनं जीव ओतला त्यात. मी रडलो. पण घरी येऊन विचार केला. सिनेमा आपल्याला सांगतो की बघा, हा नाच्या झाला तरी आतून मर्दच होता, कलेसाठी त्यानं हे सोसलं. आपण सुटकेचा श्वास घेतो. अरे, पण जो आतूनही तसाच आहे त्याच्यासाठी कोण रडणार? गणपत पाटलांनी पडद्यावर जन्मभर नाच्या केला, २००८ साली ते गेले. ती टिंगल लोकांनी पडद्यावर ठेवली नाही, त्यांच्या खऱ्या आयुष्यापर्यंत नेली. कला बघायची आणि कलावंताच्या पोराबाळांना छळायचं, ह्याला रसिकता म्हणतात आपल्याकडं.

तर मागणं काय?

एक. बांगड्यांचा आहेर बंद. आपल्या कुठल्याही मोर्चात हा प्रकार झाला तर मी ताट उलथवणार, आधी सांगून ठेवतो. बांगडी माझ्या मायच्या हातात आहे. त्या हातानं तिनं कापूस वेचला, पऱ्हाटी उपटली, मला दहावी केलं. बांगडी भरलेला हात कमजोर असता तर ही वस्ती उपाशी मेली असती. साहेब चोर असेल तर त्याला चोर म्हणा. मराठीत शिव्यांचा दुष्काळ नाही.

दोन. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क दिला, आणि त्यांना मागास धरून आरक्षण द्या म्हणाले. पण सगळ्यांना एकाच मागास रकान्यात टाकलं तर दलित तृतीयपंथीयानं आपली जात कुठं ठेवायची? म्हणून समांतर आरक्षण पाहिजे, ज्याच्या त्याच्या प्रवर्गात. कर्नाटकानं २०२१ ला सरकारी नोकरीत १ टक्का तसं दिलं. ही मागणी आपल्या जाहीरनाम्यात आली पाहिजे.

तीन. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं आमच्या लग्नाला नाही म्हटलं, ते काम संसदेचं म्हणाले. ठीक. संसद करील तेव्हा करील. पण घरातून हाकललेलं पोरगं किंवा पोरगी रात्री विहाराच्या दारात आली, तर दार उघडायला संसद लागत नाही. किल्ली तुमच्याकडं आहे.

चार. पुढच्या १४ एप्रिलला ह्या चौकात खडी गंमत झाली पाहिजे. धोतरवाल्यांच्या नोटांसाठी नाही. आपल्या शाहिराची, आपल्या गाण्याची, आणि त्यात नाच्याचं नाव पत्रिकेवर छापून. त्याच चौकात, जिथं १९९१ ला ट्रंक जळाली.

शेवटचं सांगतो आणि बसतो. मोठेबाबा २०२० च्या थंडीत गेले. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला हाक मारली. शिडी लावली, आढ्यावरून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं. चाळ होते. मोठेबाबांचे. त्या रात्री ट्रंक पेटवण्याआधी बाबांनी ते काढून घेतले होते. जवळजवळ तीस वर्षं आढ्यावर ठेवले. भावाला दिले नाहीत, भंगारात विकले नाहीत. मी विचारलं, काऊन ठेवले? बाबा म्हणाले, "जाळाले हात नाई झाला." एवढंच.

बाबा, जाळायला हात झाला नाही, तिथंच तुमच्यातली माणुसकी जिवंत राहिली. पण आढ्यावर ठेवून भागत नाही. मोठेबाबा खाली ओट्यावर बसले होते आणि चाळ वर होते, मधे फक्त एक शिडी होती. ती शिडी आपण तीस वर्षं लावली नाही.

हे बघा, मी सोबत आणले आहेत. मला नाचता येत नाही, गोदीनं गुडघे खाल्ले. इथं मेजावर बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवतो. कुणाला वाटलं विटाळ झाला, तर त्यानं उठून उचलून दाखवावे.

जय भीम.